गीसॉकची आई

"पुरे झालं तुझं औषध!" आईने पेजेचा वाडगा असा ढकलला की पेज हुनामच्या पांढऱ्या कोटावर सांडली. "गाठ कमी होईल म्हणालीस ना? मोठी झाली! मारायलाच निघालीस मला..."

"गीसॉकच्या आई, सबुरीने घ्या हो," पलीकडच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंवर कशाला राग?"

आईने लेकीची ओळख करून दिली नाही. हुनाम खाली मान घालून कोट पुसत राहिली.

थोरल्या अपत्याच्या नावाने आईला हाक मारायची, ही कोरियातली रीत. पण हुनाम थोरली असूनही सारी आळी तिच्या आईला 'गीसॉकची आई'च म्हणायची! हुनाम म्हणजे 'हिच्या पाठीवर मुलगा होवो'. तो झाला, गीसॉक. वडील गेल्यावर त्याचं शिक्षण व्हावं म्हणून हुनाम शाळा सोडून तेगू शहरातल्या सूतगिरणीत उभी राहिली आणि स्वतः मात्र फार उशिरा शिकली. आता ती याच इस्पितळात फुफ्फुसाच्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासत असे.

आणि एक दिवस त्या भिंगाखाली आईच्याच गाठीचा काप आला होता... शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर मासे तळून तेलाचा धूर गिळलेल्या आईचा! शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी आल्या होत्या, पण गाठीच्या कडेलाच दाटीवाटीने उभ्या होत्या. आत जेमतेम चार-दोन. का कोण जाणे, हुनामचे डोळे भरून आले होते. नवं औषध सुरू करा म्हणून डॉक्टरांइतकाच तिनेही आग्रह धरला होता.

"ताई, मी तिला गावी नेतो," पलीकडच्या बाई बाहेर गेल्यावर गीसॉक म्हणाला. "शेवटचे दिवस तरी सुखाने जाऊ देत."

"गीसॉक, क्वचित असंही होतं रे... पेशी आत शिरल्या की त्यांच्याच गर्दीने गाठ फुगते. एकदा सुईने तुकडा काढून बघू दे. मग हवं तर औषध थांबवा."

"आणि खरंच वाढली असली तर? तिला उगाच टोचायचं?"

तीच भीती तिचंही काळीज कुरतडत होती!

"गीसॉक म्हणेल तसं," आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "तू लग्न होऊन गेलेली. बाहेरची."

बाहेरची! हुनामच्या ओठांवर कितीतरी शब्द आले... ते तिने गिळले आणि धाकट्या भावापुढे गुडघे टेकले. "एवढं एकदा ऐक. माझं चुकलं तर पुन्हा या घराला तोंड दाखवणार नाही."

"ताई, ऊठ! अगं, काय करतेस हे?" गीसॉक घाबरून तिला उठवू लागला. "आई... एकदा बघू दे तिला."

तपासणी लगेच झाली. निकाल संध्याकाळी यायचा होता, तोवर हुनाम जिना चढत होती, उतरत होती. चहा ओतून घेत होती आणि तसाच ठेवून देत होती. आईचा काप आपण एकटीने वाचायचा नाही, म्हणून आधी तिच्या सहकारी बाईंनी पाहिला. त्या भिंगापासून बाजूला झाल्या.

हुनामने डोळा लावला. गाठीची कड मोकळी होती! रक्षण करणाऱ्या साऱ्या पेशी आत घुसल्या होत्या... आणि त्यांच्या गर्दीत कॅन्सरच्या पेशी मूठभरच उरल्या होत्या.

ती धावतच खाटेपाशी आली. "आई, ती सूज आहे, आपल्याच पेशींची! बरी झालीस असं नाही म्हणत मी... पण औषध लागू पडतंय."

आईने तिच्याकडे मान वळवली. "मग आधी का नाही शिरल्या मेल्या?"

"कॅन्सरची पेशी त्यांना खूण दाखवते, मी घरचीच म्हणून. ती पाहून त्या हात आखडतात. औषधाने ती खूण झाकली."

"आणि तोवर बाहेरच उभ्या होत्या?"

"हो."

"निघून नाही गेल्या?"

"नाही, आई."

आईने हात पुढे केला आणि कोटावरचा पेजेचा वाळलेला डाग नखाने खरवडू लागली...

"गीसॉकच्या आई, नासपती खाणार का?" नुकत्याच परतलेल्या पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"हुनामची आई म्हणा," आई म्हणाली.

"अगंबाई, ही हुनाम कोण?"

"ही काय! थोरली माझी."

"इश्श! मी तर हिला इस्पितळातलीच समजत होते!"

"मीसुद्धा," आई म्हणाली आणि हुनामचा हात घट्ट धरून ढसाढसा रडू लागली.