न फाटलेली चकती

धोंडुबाई पेणला शीराच्या दारात आली ती थेट दवाखान्यातून. रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायनं शिजवायचं बंद भांडं, फुटून तिचा नवरा कान्हू भाजला होता. त्याच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, आणि कंपनी म्हणत होती, त्यानंच भांडं तापवणारी वाफ जास्त सोडली.

“त्यांनी वाफ वाढवली नाय,” ती म्हणाली. “शुद्धीवर आल्यापासून तेच सांगतायत.”

शीरा अष्टमकर लेझरनं यंत्रांचे भाग मोजायची आणि लोकांचे असले गुंतेही सोडवायची. तिचे आरोनमामा धाटावच्याच कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करून निवृत्त झालेले. फुटलेल्या रिअ‍ॅक्टरपाशी जायचं त्यांना नकोच होतं. तरी ते तिच्याबरोबर निघाले.

रिअ‍ॅक्टरच्या डोक्यावर धातूची पातळ चकती असते. दाब वाढला की ती आधी फाटते आणि भांडं वाचतं. इथं भांडं फुटलं होतं, चकती मात्र अखंड सापडली होती. ती किती दाबाला फाटायची तो आकडा तिच्यावर ठोकलेला होता, सहा. शेजारचा दुसरा रिअ‍ॅक्टर चालूच होता. त्याची घरघर ऐकून मामा चार पावलं मागंच थांबले.

चकत्यांना हात लागायचा तो तिघांचाच. स्टोअरकीपर पुंडलिक फुटक्या शेडकडे बघायलाही तयार नव्हता. तिला टाळून त्यानं दोघांना चालू रिअ‍ॅक्टरखालून नेलं. फिटर रघू त्याच रिअ‍ॅक्टरला टेकून म्हणाला, मिळाली ती चकती बसवली. सुपरवायझर विठू फुटक्या शेडच्या ढिगाऱ्यावर बसून शांतपणे बोलला. मग ऑफिसात यायला कुंपणाकडून लांबचा वळसा घेतला.

मामांचा संशय पुंडलिकवर. तोच सगळ्यांत भ्यालेला.

चकती कारखान्यांच्या सरकारी इन्स्पेक्टरला द्यायची होती, म्हणून मॅनेजरनं ती कापायला, घासायला मनाई केली. शीरा म्हणाली, उजेडाशिवाय चकतीला काही शिवणार नाही.

पेणच्या खोलीत तिनं चकतीवर लेझर सोडला. परतलेला उजेड कॅमेऱ्यानं टिपला, आणि कॉम्प्युटरनं त्यावरून पृष्ठभागाचे चढउतार काढले, केसाच्या शंभराव्या भागाइतके बारीकसुद्धा. हायवेवरून ट्रक गेला की टेबल थरथरायचं, की पुन्हा पहिल्यापासून. अखेर पडद्यावर सहाच्या खाली दुसरे उथळ खळगे उमटले. घासून पुसलेला बारा.

मामा पडद्याशी वाकले. “म्हणजे दुप्पट दाबाची चकती. आणि दुसऱ्या रिअ‍ॅक्टरवर कुठली आहे?”

शीरानं फोन आधीच उचलला होता.

ती दोघं धाटावला पोचली तेव्हा दुसरा रिअ‍ॅक्टर बंद करून थंड झाला होता. रघूनं उतरवलेली चकतीही सहाच्या आकड्याचीच होती, पण अस्सल सहाच्या चकतीपेक्षा कितीतरी जाड. शीरानं तिघांना बोलावलं.

“पुंडलिक फुटलेल्या रिअ‍ॅक्टरला भ्याला, तसं कुणीही भ्यालं असतं,” ती म्हणाली. “रघूला ठाऊक असतं तर तो दुसऱ्याला टेकला नसता. विठूदादा, तुम्ही ढिगाऱ्यावर बसलात, पण चालू रिअ‍ॅक्टर टाळलात. तोवर चकत्यांवरचा आकडा खोटा असेल, असा कुणालाच संशय नव्हता. तिथंही बाराची आहे, हे ती बदलणाऱ्यालाच माहीत.”

विठूनं दोन्ही चकत्यांकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात सांगू लागला. चकती फाटली की सगळा माल वाया जायचा, साहेब चारचौघांत झापायचे, म्हणून त्यानं बाराच्या चकत्यांवर सहा ठोकून त्या रघूला दिल्या. स्फोटानंतर खरं सांगायला तोंड उघडेना, आणि दुसरा रिअ‍ॅक्टर बंद करायला सांगावं तर कारण विचारलं असतं.

“दोन्ही मीच बसवल्या,” रघू म्हणाला.

संध्याकाळी रोह्याच्या दवाखान्यात धोंडुबाईनं कान्हूला सगळं सांगितलं. भांडं चकतीमुळे फुटलं हे कळल्यावर त्याच्यावरचा ठपका गेला होता. 

“दुसऱ्या रिअ‍ॅक्टरपाशी कोण होतं गो?” त्यानं विचारलं.

“रघू.”

“तो बरा हाय ना?”

“हाय. बाहेर बसलाय. आत यायचा धीर होत नाय त्याला.”

डोळ्यांवर पट्ट्या असतानाच कान्हूनं दाराच्या दिशेनं हात पुढे केला.