लोथारची राहिलेली पाळी

शेगडीत अजून एक लाकूड सारा रे, आणि ते मोबाइल उपडे ठेवा. फोल्कर्टची गोष्ट सांगतो. फोल्कर्ट म्हणजे माझा पत्त्यांतला भिडू. घराघरांतले हीटर दुरुस्त करणारा, नाकासमोर चालणारा माणूस. त्याला थापा मारता येत नाहीत. हातात चांगली पानं आली की त्याचे कान लाल होतात, आता बोला! पण ही गोष्ट त्याने मला सांगितली तेव्हा कानांत रक्ताचा थेंब नव्हता.

सोळा नोव्हेंबर दोन हजार चोवीस, शनिवारची रात्र. दुसऱ्या दिवशी युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा रविवार, म्हणून इथे हाइकेनडॉर्फात पाणबुडीवाल्यांच्या स्मारकापाशी खुर्च्या मांडून झाल्या होत्या. फोल्कर्टचं काम साधंच होतं. डब्यात सलगमाचं सूप घ्यायचं, बायकोच्या आजोबांना पाजायचं आणि रात्री तिथेच थांबायचं. बायको वीबके इस्पितळात नर्स, तिची रात्रपाळी होती. आजोबा लोथार नव्याण्णव वर्षांचे. आईबाप गेल्यावर वीबकेला त्यांनीच वाढवलं होतं. तिचा सगळा जीव त्यांच्यात.

पाळीला निघताना तिने आजोबांच्या वरच्या मजल्यावरच्या घराच्या दारात बजावलं, "बाराला ते उठायला बघतील. उठू द्यायचं नाही. छाती कफाने भरलीय. एकदा गारठा लागला की संपलं, असं डॉक्टर म्हणालेत. ऐकतोयस ना?"

"अगं, नव्याण्णव वर्षांचा म्हातारा मला आवरणार नाही होय?"

"बघशील," वीबके म्हणाली आणि जिना उतरून सायकलवर बसून गेली.

लोथार आजोबांचं हे खूळ गावाला ठाऊक होतं. रात्री बाराला बिछाना सोडायचा, चादर सारखी करायची आणि स्वयंपाकघरात खुर्चीत जाऊन बसायचं. चारला परत. त्यांची बायको बिचारी म्हणायची, "लग्न माझ्याशी केलंस की घड्याळाशी?" आणि दुसऱ्या खोलीत आपली झोपायची.

त्यामागे होती दुसऱ्या महायुद्धातली एक पाणबुडी, आजोबा तरुणपणी तिच्यावर खलाशी होते. नंबर सांगत नाही, उगाच शोधत बसाल. समोर खाडीपलीकडे कीललाच बांधलेली, बाल्टिकमध्ये सराव करून तयार झालेली. दोनदा अटलांटिकला जाऊन आली. तिसऱ्यांदा गेली ती गेलीच. कुठे, कशी, कुणालाच कळलं नाही. आत माणसं फार आणि झोपायच्या फळ्या कमी, म्हणून दोघांत एक फळी. पहारा करून आलेला झोपलेल्याला उठवायचा आणि त्याच्या गरम जागेत शिरायचा. बाकीचे झोपलेले असायचे, म्हणून बोलायचं नाही. फळीच्या कठड्यावर बोटाने दोनदा वाजवायचं, की फळीवरचा उठलाच पाहिजे.

लोथारचा जोडीदार होता ब्रुनो काल्वाइट, पूर्व प्रशियातला शेतकऱ्याचा मुलगा. बारा ते चार झोप ब्रुनोची, पहारा लोथारचा. तिसऱ्या सफरीआधी फ्रान्समध्ये, ब्रेस्त बंदरात, लोथारला कावीळ झाली. त्याला किनाऱ्यावर ठेवलं. बदली माणूस मिळाला नाही. ब्रुनो हसून म्हणाला, "तुझी पाळीही मीच ओढतो, लेका. आलो की मात्र पोटभर झोपणार. तेव्हा मला उठवायचं नाही."

तर त्या शनिवारी आजोबांनी चार चमचे सूप घेतलं आणि डोळे मिटले. फोल्कर्ट पलंगाशेजारी बसून पेपर चाळत होता. बाराला आजोबांनी डोळे उघडले.

"मला उठव."

"आजोबा, आज नाही. वीबके माझी सालटी काढील."

"उठव रे बाबा. त्याची वेळ झाली."

"झोपा बघू गुमान."

आजोबा कोपरावर उठू लागले. फोल्कर्टने खांद्यांना धरून त्यांना खाली दाबलं. कसले खांदे, नुसती हाडं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. तरी त्याने हात काढला नाही.

मग जिना वाजला.

जोडे नव्हते. मोजे घातलेले पाय... ओले मोजे. एक पायरी. मग थांबणं. पुन्हा एक पायरी.

बाहेरचं दार फोल्कर्टने स्वतः लावलं होतं.

खोलीत वास आला. डिझेलचा, बुरशीचा, कुबट कपड्यांचा. पावलं पलंगापाशी आली... थांबली. दिव्याच्या उजेडात तिथे कोणीही नव्हतं.

टक. टक.

पलंगाच्या लाकडावर. फोल्कर्टच्या हातापासून वीतभर अंतरावर.

तो हलला नाही. आजोबाही हलले नाहीत. पुन्हा... टक. टक. हळू. घाई नाही, राग नाही. दमलेलं माणूस वाजवतं तसं.

आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ऐंशी वर्षं उभा आहे रे तो," ते म्हणाले. "माझी पाळी करतोय. त्याला झोपू दे."

"मी वीबकेला काय सांगू, आजोबा?"

"सांग, म्हाताऱ्याने ऐकलं नाही."

फोल्कर्टने त्यांना उचललं. लहान मुलाएवढं वजन. स्वयंपाकघरात नेऊन खुर्चीत बसवलं, स्वतःचं जाकीट त्यांच्यावर पांघरलं, हीटर पूर्ण वाढवला. आजोबा ताठ बसले. नजर काळ्या खिडकीवर.

मागे खोलीत पलंग करकरला. कोणीतरी अंग टाकल्यासारखा.

मग श्वास... लांब... खोल. गाढ झोपेतला.

आजोबा हसले. "झोपला," ते पुटपुटले.

फोल्कर्टला वाटलं, पायाखालची फरशी डोलतेय. अगदी थोडी. एकीकडे... मग दुसरीकडे... त्याने टेबल घट्ट धरलं. डोळे मिटले. क्षणभरच, तो शपथेवर सांगतो.

उघडले तेव्हा उजाडलं होतं आणि दारात किल्ली फिरत होती.

वीबके आत आली. रिकामा पलंग पाहिला, मग खुर्ची. आजोबा तसेच बसले होते. हात मांडीवर, डोळे खिडकीकडे. गेलेले. तोंडावर कसलाही त्रास नव्हता.

"वीबके, मी त्यांना उठवलं," फोल्कर्ट म्हणाला. "मला राहवलं नाही. माझ्यामुळेच गेले."

वीबके खुर्चीपाशी वाकली. तिचा हात आजोबांच्या गालावर गेला आणि तिथेच थांबला.

पाणबुडीवर गोडं पाणी जेमतेम पिण्यापुरतं. अख्ख्या सफरीत कोणी दाढी करत नसे. कीलच्या बाजूला हे शेंबडं पोरही जाणतं. आजोबांच्या गालांवर, हनुवटीवर, पार गळ्यापर्यंत दाढी होती. दोन-तीन महिन्यांची. आणि विशीतल्या पोराची असावी तशी सोनेरी.

"फोल्कर्ट," वीबके अगदी हळू म्हणाली, "काल संध्याकाळी जाण्याआधी मीच त्यांची दाढी केली होती."