वाक्यानंतरची लाट

अकोल्याच्या अकालजात बालविकास केंद्रात निनादच्या डोक्यावर जाळीची मऊ टोपी चढवली, तेव्हा तो अंगठा चोखण्यात दंग होता. टोपीतले संवेदक त्याच्या मेंदूतले बारीकसारीक प्रवाह टिपत होते आणि पडद्यावर निळी रेष सरकत होती. या अंदाजमापकाची आज्ञावली मुक्तानेच लिहिली होती. आज मात्र ती आई म्हणून आली होती, आणि आईपणापुढे तज्ज्ञपणाचं काही चालत नाही.

"आधी काकूचा आवाज," डॉ. रेवती काळमेघ म्हणाल्या.

मुक्ताची मोठी जाऊ प्राजक्ता बाळावर वाकली. ही बाई शाळेत भूगोल शिकवायची तो शुद्ध भाषेत. घरात पाऊल टाकलं की अस्सल वऱ्हाडी. "काहून रे, भूक लागली का बाप्पा? इकडं पाय ना बाप्पा."

रेष सपाट.

"आता आई."

"निनाद, बघ इकडे. कोण आलंय?"

रेषेवर लाटाच लाटा उठल्या. रेवती खूश झाल्या, आणि मुक्ताचा चेहरा उतरला. प्राजक्ता बाळाची दुपटी आवरायला बाहेर गेली, तशी मुक्ता म्हणाली, "म्हणजे मी परकी."

"म्हणजे तुझ्या मुलाचा मेंदू अंदाज बांधतो. आपण एवढंच तपासतोय. पुढचा आवाज कोणता, हे तो आधीच ठरवून ठेवतो. तसाच आला तर रेष सपाट. वेगळा आला, किंवा आलाच नाही, तर लाट. तुला मी काय सांगायचं?"

"पण त्यांचा आवाज सपाट कसा?"

"तो फार लवकर जन्मला, मुक्ता. कृत्रिम गर्भकोशात होता, आणि तू शुद्धीवर नव्हतीस. कोणीतरी त्याच्याशी रोज बोलायलाच हवं होतं. प्राजक्ताताई रजा टाकून बसल्या. त्या आठवड्यांत जे बसतं तो पाया. वरचे मजले बदलतात."

"सगळे?"

"पाया सोडून."

मुक्ताने त्यातले मजले तेवढे लक्षात ठेवले.

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. नऊ महिने सोडा, धड सात महिनेही तिला मिळाले नाहीत, आणि जे राहिले ते या बाईने बोलून बोलून संपवले! उपकारच होते ते, हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबत होते. तिने श्रीरंगला, नवऱ्याला, पटवून गावाबाहेर वेगळं घर घ्यायला लावलं. कारण दिलं जंतुसंसर्गाचं. प्राजक्ता डिंकाचे लाडू घेऊन आली, तर मुक्ताने दारातच डबा घेतला.

"लेकरू झोपलं का बाप्पा?" प्राजक्ताने आत डोकावत विचारलं.

"हो ताई. नंतर या." निनाद आत टक्क जागा होता.

मग मुक्ता बोलत सुटली. अंघोळ घालताना, भाजी चिरताना, खिडकीतल्या चिमण्या दाखवताना, दिवसभर तिचाच आवाज. बाळ तोंड मिटून ऐकत राही.

पुढच्या तपासणीला श्रीरंगही सोबत होता. तिने तोंड उघडलं आणि रेष सपाट झाली. मुक्ताच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जिंकले, असं तिला अगदी उघड उघड वाटलं. तेवढ्यात वाक्य संपलं आणि रेषेवर मोठी लाट उठली. दुसरं वाक्य, पुन्हा सपाट. ते संपलं, पुन्हा लाट.

"घरी काही आवाज काढतो का?" रेवतींनी विचारलं. "अग्गू, बब्ब, काहीतरी?"

"नाही. नुसता बघतो." मुक्ताचा आवाज बारीक झाला. हेच तिला महिनाभर खात होतं.

"मी गप्प झाल्यावर लाट कशी?" तिनेच पुढे विचारलं. "तिथे चुकायला काही आवाजच नाही."

"आज्ञावली तुझी आहे. तूच सांग."

"म्हणजे... काहीतरी यायला हवं होतं. आलं नाही."

"प्रत्येक वाक्यानंतर. तो वाट बघतोय, मुक्ता. त्याच्या लेखी तुझं वाक्य संपतच नाही. मग त्याने उत्तर द्यायचं कधी?"

मुक्ता खाली बसली. गर्भकोशापाशी ताईंनी उच्चारलेलं एकूण एक वाक्य कोणत्या शब्दावर थांबत असेल, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. निनादच्या भाषेतला तो पूर्णविराम होता, आणि तिने तो दारातून परत पाठवला होता.

कडू काढा घशाखाली उतरवावा तशी ती बाळावर वाकली.

"निनाद, बघ इकडे... बाप्पा."

वाक्यभर सपाट, वाक्यानंतरही सपाट. निनादने अंगठा तोंडातून काढला. त्याचे ओठ हलले. "ब... प्पा."

श्रीरंग खुर्चीवरून उडालाच. "बाबा म्हणाला! ऐकलंत ना डॉक्टर? पहिला शब्द बाबा!"

मुक्ताचं पित्त खवळलं. मत्सर तिच्या चांगलाच ओळखीचा होता, पण दुसऱ्या बाईच्या वतीने तो पहिल्यांदाच पेटला.

"बाबा नाही, बाप्पा! फुकटचं श्रेय लाटू नकोस. शब्द ताईंचा आहे." तिने डोळे पुसले. "जा, आत्ताच्या आत्ता ताईंना घेऊन ये बाप्पा."

ती काय बोलून गेली हे तिच्या लक्षातही आलं नाही. टोपी घातलेला निनाद मात्र तिच्याकडे बघत होता, आणि रेष सपाट होती.