नॅपकिनखालचा आकडा

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्याच बाबतीत घडलं आहे, आणि यात माझी बाजू चांगली नाही. मनचं रचून सांगणारी बाई स्वतःला एवढं वाईट दाखवत नाही. एवढ्यावरून तरी विश्वास ठेवा.

वार बुधवार. दुपारचे तीन वाजून गेले होते. रात्र नव्हती, दिवे गेले नव्हते. खिडकीतून चांगलं लख्ख ऊन येत होतं.

औषधांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, बायकांसाठी व्यायामाची जागा आहे. शेवटच्या लांबट खोलीत, भिंतीकडे तोंड करून, दोन रोइंग मशीन ठेवलेली आहेत. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते. जमिनीलगत एक लांब रूळ, त्यावर मागेपुढे सरकणारी सीट, समोर पंख्याचं चाक, आणि चाकाच्या साखळीला एक दांडा. पाय रोवायचे आणि दांडा ओढायचा, होडी वल्हवल्यासारखा. समोर छोटा पडदा असतो. किती मीटर उरले आणि किती वेळ झाला, ते त्यावर दिसतं.

वल्हवणाऱ्याची पाठ नेहमी पुढे असते. आपण कुठे चाललोय ते त्याला दिसत नाही. मशीनवरही तसंच. खोलीचं दार आमच्या पाठीमागे होतं.

आमच्या म्हणजे माझ्या आणि माझ्या धाकट्या जावेच्या.

तिथे आम्हाला सगळे थोरली आणि धाकटी म्हणायचे. मी सहासष्ट वर्षांची, ती बासष्ट. एकाच घरात आम्ही दोन वर्षांच्या अंतराने सुना म्हणून आलो. तेव्हा घरात कपड्यांचं यंत्र नव्हतं. मोठ्या चादरी आम्ही दोघी मिळून पिळायचो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. मी म्हणायची, "ओढ." ती ओढायची. मी म्हणायची, "सोड." ती सोडायची. शेवटी मी "बस" म्हटलं की चादर दोरीवर जायची. सुरुवातीला ती मला अहो-जाहो करायची. त्या चादरींच्या काळातच कधीतरी तूवर आली.

पुढे ती बेकरीत लागली. तीस वर्षं पीठ मळून तिचे खांदे पुरुषासारखे झाले होते. मी टेलिफोन केंद्रात होते. लांबचे कॉल जोडून द्यायचे आणि मधेच बोलायचं, "तीन मिनिटं झाली." माझा आवाज गावभर ओळखीचा होता. नोकरीभर मी कुणाला चुकीची वेळ सांगितली नाही. याचा मला फार अभिमान होता.

आमचे दोघींचे नवरे गेले, मुलं आपापल्या संसारात रमली. मग गुडघ्यांसाठी म्हणून आम्ही त्या खोलीत जायला लागलो.

आणि वेड लागलं.

दोन हजार मीटर. पहिल्या दिवशी मला बारा मिनिटं चाळीस सेकंद लागली, तिला तेरा. भिंतीवर पांढरा फळा होता. कोचबाई त्यावर प्रत्येकीची सगळ्यात चांगली वेळ लिहायच्या. महिन्याला पाच सेकंद, सात सेकंद असं करत आम्ही खाली येत गेलो. एखाद्या पोरीला परीक्षेच्या मार्कांचं नसेल एवढं आम्हाला त्या फळ्याचं अप्रूप होतं. साठीच्या पुढे दहा मिनिटांच्या आत तिथली एकही बाई आली नव्हती. कोचबाई गमतीने म्हणायच्या, जी येईल तिचा आकडा मी लाल रंगाने लिहीन.

तो लाल आकडा माझा झाला. नऊ मिनिटं एकोणसाठ सेकंद.

तीन महिने फळ्यावर तेवढा एकच लाल होता. मी येता-जाता बघायची. धाकटी कोपरखळी मारायची, "ताई, बघून बघून पुसला जाईल."

तिला आकड्यांची भीती वाटायची. पडद्यावर डोळे गेले की दम तुटतो म्हणायची. म्हणून ती आपला पिवळा नॅपकिन पडद्यावर टाकायची. मी बाजूला उभी राहून सांगायची. ओढ... सोड... ओढ... सोड. मधेमधे नॅपकिनचं टोक उचलून किती उरले ते बघायची, आणि शून्य झाले की म्हणायची, "बस." माझं बस ऐकल्याशिवाय ती दांडा सोडत नसे. मग धापा टाकत, मान खाली घालून, नेहमी एकच विचारायची.

"ताई, किती?"

एका मंगळवारी ती अशी ओढत होती की रूळ हलत होता. मी "बस" म्हटलं. नॅपकिनचं टोक उचललं.

नऊ छप्पन्न.

"ताई, किती?"

मी म्हणाले, "दहा एक."

का म्हणाले, ते विचारू नका. ठरवून नाही बोलले. तोंडातून निघून गेलं. आणि निघाल्यावर मी परत घेतलं नाही. नॅपकिनखाली हात घालून बटण दाबलं आणि पडदा कोरा केला.

ती हसली.

"दोनच सेकंद हुकलं म्हणायचं."

कोचबाईंनी फळ्यावर काळ्या रंगाने दहा एक लिहिलं. पूर्ण जोर लावल्यावर चार दिवस तरी विश्रांती घ्यायची हा त्यांचा नियम होता. धाकटीने मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती बूट घालून माझ्या दारात उभी.

"ताई, चल."

मी म्हटलं, गुडघा दुखतोय. दुखत नव्हता. मला त्या नॅपकिनसमोर उभं राहायचं नव्हतं.

"मग मला बस कोण म्हणणार?" ती म्हणाली.

मी म्हटलं, तुझं तू म्हण.

ती गेली. परत आली नाही.

कोचबाई खाली दुकानात गेल्या होत्या. वर येऊन बघतात तर धाकटी मशीनवर पुढे वाकलेली, दोन्ही हात दांड्यावर, पडद्यावर नॅपकिन. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. जाऊन अर्धा तास तरी झाला असावा.

कोचबाईंनी मला बाजूला घेतलं. आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "पण मी वर आले तेव्हा चाक फिरत होतं."

दांडा सोडला की ते चाक मिनिटभर फिरतं. अर्धा तास नाही.

मी म्हटलं, तुम्हाला भास झाला असेल.

पाच आठवडे मी तिकडे फिरकले नाही. पण घरात तीन वाजले की इतकं शांत व्हायचं की खोली खायला उठायची. शेवटी एके दिवशी गेले. माझ्या मशीनवर बसले. धाकटीचं मशीन शेजारी तसंच होतं.

ओढायला लागले. चाकाचा तोच आवाज. पुढे सुस्कारा, मागे सीटची घर्र...

दहाएक हात मारले असतील. आणि मला ऐकू आलं.

घर्र...

माझी सीट तेव्हा जागेवर होती.

मी थांबले. आवाज थांबला. परत ओढलं. परत आला. वाटलं, रिकामी खोली आहे, आवाज घुमत असेल. पण घुमलेला आवाज नंतर येतो.

हा माझ्यापेक्षा किंचित आधी येत होता.

बाजूला बघायची हिंमत झाली नाही. भिंतीकडे बघत उरलेले मीटर कसेबसे संपवले.

मग सीटचं सुरू झालं. धाकटीला एक सवय होती. उतरल्यावर ती पायाच्या अंगठ्याने सीट पुढे ढकलून ठेवायची, पुढच्या बाईला बरं पडावं म्हणून. आता मी जाईन तेव्हा तिची सीट पुढे असायची. एकदा कोचबाईच म्हणाल्या, "खोली पुसताना मी रोज मागे सरकवते. तुम्ही पुढे करता होय?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तिचा पिवळा नॅपकिन मी घरी आणला होता. धुऊन, घडी करून, कपाटात माझ्या कपड्यांखाली ठेवला होता. एकदा कपाट आवरताना हाताला लागला.

ओला होता.

नुसता ओला नाही. त्याला घामाचा वास होता... आणि त्या घामात पिठाचा. बेकरी सोडून सात वर्षं झाली तरी तिच्या अंगाचा पिठाचा वास गेला नव्हता.

मी तो परत धुतला आणि वाळत घातला. वाळल्यावर कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. तो मंगळवार होता.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सुरुवातीला सांगितलं त्या बुधवारी, तीनला मी खोलीत शिरले. कोचबाई खाली होत्या. ऊन जमिनीवर पसरलं होतं.

धाकटीच्या मशीनच्या पडद्यावर पिवळा नॅपकिन होता.

पर्समध्ये हात घातला. किल्ली होती.

माझे पाय दाराकडे वळायला हवे होते. पण नॅपकिन जरा वाकडा पडला होता, आणि त्याच्या खाली काहीतरी उजळत होतं. ते मशीन कुणी ओढल्याशिवाय पडदा लागत नाही. मी जवळ गेले. उभ्याने काहीच दिसेना, नुसतं पिवळं. मी वाकले. आणखी वाकले. रुळाच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकले तेव्हा माझं डोकं तिच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला आलं.

तिथून दिसलं.

धुऊन धुऊन नॅपकिन कधीचाच विरला होता. सीटवरच्या उंचीवरून त्याच्या आरपार आकडे दिसत होते. अगदी स्वच्छ.

नऊ छप्पन्न.

मीच पुसलेला आकडा. पण त्या क्षणी मला आकड्याची भीती वाटली नाही. मला दुसरंच कळलं होतं.

तिला दिसत होतं.

सगळं. पहिल्यापासून. प्रत्येक वेळी "ताई, किती?" विचारायच्या आधी तिला आकडा माहीत असायचा. तरी ती विचारायची. माझ्या तोंडून ऐकायला. आणि त्या मंगळवारी मी दहा एक म्हटलं, तेव्हाही तिने आकडा बघितलेला होता. बघून ती हसली होती.

मग दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात कशाला आली? कुणाला दाखवायला?

मी उठून उभी राहिले. आणि माझ्या बाजूला, जरा मागे, जिथे उभी राहून मी तिला ओढ-सोड सांगायची, बरोबर त्या जागेवरून...

धाप ऐकू आली.

दोन हजार मीटर संपवल्यावर लागते तशी. खोल, ओली, घशात अडकणारी.

मी वळले नाही.

"ताई... किती?"

आवाज तिचा होता. थकलेला होता. त्यात राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी बोलले. केंद्रात बोलायची तसं, एकेक अक्षर सुटं करून.

"नऊ छप्पन्न. त्याच दिवशी झालं होतं तुझं. मी खोटं बोलले."

धाप थांबली.

खिडकीबाहेरचा रस्त्याचा आवाजसुद्धा थांबला. किती वेळ, ते सांगता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला किती वेळ गेला ते कळलं नाही.

मग अगदी कानाशी, हळू...

"ताई, बस."

आणि घर्र आवाज झाला. तिची रिकामी सीट मागून रुळावरून सरकत आली आणि माझ्या पोटरीला टेकून थांबली.

ती गरम होती.

मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. कोचबाई वर जाऊन बघून आल्या. म्हणाल्या, वर काही नाही, नॅपकिनही नाही. घरी येऊन कपाट उघडलं. नॅपकिन घडी करून ठेवला होता तसाच होता. कोरडा.

दुसऱ्या दिवशी मी कोचबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, फळा दुरुस्त करते. आता तिथे दोन लाल आकडे आहेत, आणि वरचा माझा नाही.

त्याला चार महिने झाले. मी परत तिकडे गेले नाही. पण तो एक शब्द डोक्यातून जात नाही. आम्ही दोघींनी तो चाळीस वर्षं वापरला. चादर पिळून झाली की बस. दोन हजार संपले की बस. म्हणजे आता पुरे, सोड, संपलं. तसं म्हणाली असेल तर तिने मला माफ केलं.

पण सीट पुढे आली होती.

माझ्यासाठी. बसायला.

धाकटीला विचारता येत नाही. तेव्हा मी एक केलंय. दुपारी तीन ते सव्वातीन मी घरात कुठेही बसत नाही. चहाही उभ्याने पिते. काल सून चेष्टेने म्हणाली, "आई, रोज याच वेळी उभं राहायची शिक्षा कुणी दिलीय तुम्हाला?" आणि तिने मागून खुर्ची पुढे सरकवली.

फरशीवर घर्र झालं.

"बसा की," ती म्हणाली.

मी भिंत धरून उभीच राहिले.