मण्याशेजारची फुली

सकाळचे ऊन त्या इमारतीत जिन्याच्या खिडकीतून येत असे. आधी ते लोखंडी कठड्यावर टेके, मग एकेक पायरी उतरून कॉरिडॉरच्या फरशीवर पसरे आणि नुकत्याच पुसलेल्या ओल्या पट्ट्यापाशी क्षणभर घुटमळे. बाकावर बसलेल्यांच्या चपला, मांडीवर धरलेली मोठाली पाकिटे, एखाद्या डुलकी लागलेल्या म्हाताऱ्याची हनुवटी, सगळ्यांना ते कुणाचीही विचारपूस न करता शिवून जाई. त्यात नवे काही नव्हते. धुळीचे कण रोजच्यासारखेच तरंगत होते. एक्स-रे विभागाच्या दाराशी मात्र ते थबके, कारण आत चित्रे वाचायची खोली होती आणि तिथे अंधार राखावा लागे. धाकट्या डॉक्टरला त्या उंबरठ्यावर दोन मिनिटे उभे राहायची सवय होती. दिवसभराच्या अंधारासाठी उन्हाची शिदोरी बांधून घ्यावी, तसा तो उभा राही.

त्या दिवशी आतून हाक आली. तंत्रज्ञ ताई उघड्या खणासमोर उभ्या होत्या.

"छोटे डॉक्टर, जरा इकडे या. खेकडा नाहीये."

खेकडा म्हणजे विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी, सरांनी, नऊ वर्षे खपून घडवलेले उपकरण. तळहातावर मावेल अशी पोलादी चौकट, त्वचेवर घट्ट बसणारे घडीचे चार पाय, मधोमध सुईसाठी नळी. सीटीच्या चित्रात गाठीच्या मध्यावर फुली मारायची, संगणक सांगेल तो कोन खेकड्यावर लावायचा. मग सुई नेमकी फुलीवर पोचे. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या शरीरातल्या सावल्या वाचणाऱ्या सरांनी याआधी तान्ह्या बाळांना एक्स-रेसाठी न रडवता धरणारी झोळी शिवली होती. ती आजही शेजारच्या खोलीत वापरात होती. पण त्यांचा जीव होता खेकड्यात.

बारा वाजता खेकड्याला मान्यता देणारी तपासणी समिती येणार होती. एका बाईच्या फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा सर स्वतः खेकड्याने काढून दाखवणार होते. महिनाअखेरीस ते निवृत्त होत होते. आज प्रयोग झाला नाही, तर खेकड्याची फाईल त्यांच्यासोबतच घरी जाणार होती.

व्यवस्थापक धावत आले. ताईंनी त्यांना सांगितले की खण काल संध्याकाळपासून बंदच होता. कुलूप फोडलेले नव्हते. चाव्या दोन, एक सरांकडे, एक ताईंच्या गळ्यात. व्यवस्थापकांनी धाकट्या डॉक्टरकडे पाहिले आणि म्हणाले की सरांचे तुमच्यावाचून पान हलत नाही, तेव्हा शोधाही तुम्हीच.

तो भिडस्त होता. प्रश्न विचारायचे म्हटले की त्याच्या कानांच्या पाळ्या तापत. तरी त्याने ताईंना बाजूला घेतले.

"सरावाचा जेलीचा ठोकळा ओला आहे, ताई. आज कुणीतरी वापरलाय. खण उघडला कुणी?"

ताईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "मीच. सात वाजता. सर पहाटेच आलेले, सराव करत होते. म्हणाले, आवरून ठेव."

"तेव्हा खेकडा होता?"

"होता की. मीच पुसून ठेवला."

"आणि कुलूप?"

"चावी तशीच राहिली हो कुलपात. छातीचा एक्स-रे काढायला हाक आली. दहा मिनिटं, फार तर."

व्यवस्थापकांना एवढे पुरले. मागच्या आठवड्यात एका कंपनीचा माणूस ताईंशी खेकड्याविषयी गप्पा मारत होता, हेही त्यांना आठवले. ते ताईंच्या निलंबनाचे पत्र लिहायला गेले. धाकट्या डॉक्टरलाही, खरे सांगायचे तर, हायसे वाटले.

पण सर शिकवत ते त्याच्या अंगात मुरले होते. एक सावली सापडली की डोळा खूश होऊन बसतो. त्याच चित्रातली दुसरी, खरी जीवघेणी, समोर असून दिसत नाही. म्हणून पहिली सापडल्यावर चित्र पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

तो परत फिरला.

"त्या दहा मिनिटांत इथे कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"कोणीच नाही?"

"अहो, कोण येणार? सरांच्या घरून काकू आल्या होत्या तेवढ्या. सरांचा चष्मा घरी राहिला म्हणून द्यायला. बाहेर बाकावर बसल्यात अजून. आता त्यांनाही धरता का?"

सरांच्या खोलीत फक्त स्क्रीनचा उजेड होता, नेहमीपेक्षा कितीतरी प्रखर. सरांनी खुर्ची तिरकी लावली होती. चित्राकडे कान करून बसल्यासारखे ते दिसत होते. चष्मा टेबलावर उघडाच, काचा कागदांवर टेकवून पडला होता. सरांचा चष्मा डबीवाचून ठेवलेला त्याने कधी पाहिला नव्हता.

"सापडला का रे? की पाय फुटले त्याला?" सर हसले. "चूक माझीच. चार चार दिले होते."

तोही कसनुसा हसला. सर तोंडी सांगत आणि तो टाइप करून पाठवी, ते कालचे रिपोर्ट गेले का, असे त्यांनी विचारले. गेले, तो म्हणाला. काही बदललेस का? स्वल्पविराम तेवढे, तो म्हणाला आणि लगबगीने बाहेर पडला.

सीटीच्या खोलीत त्याने पहाटेची चित्रे उघडली. सहा दहा ते सहा पन्नास. अकरा चित्रे, सगळी सरांच्या नावावर. जेलीच्या ठोकळ्यात गाठीच्या जागी पुरलेला पांढरा मणी प्रत्येक चित्रात ठळक दिसत होता. प्रत्येक चित्रात हिरवी फुलीही होती. ती कधी मण्याच्या डावीकडे होती, कधी वर, कधी बोटभर लांब. मण्यावर एकदाही नव्हती. आणि सुईची रेघ अकराही वेळा फुलीच्या बरोबर मधून गेली होती.

त्याने अकराही चित्रे पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग कॉरिडॉरमध्ये जाऊन त्याने बाकावरच्या काकूंना सरांच्या खोलीत बोलावले. ताईंना आणि व्यवस्थापकांनाही.

"काकू, तुमच्या पर्समधली चष्म्याची डबी दाखवता का?"

काकूंनी त्याच्याकडे पाहिले. नाही म्हणाल्या नाहीत. डबी टेबलावर ठेवून त्यांनीच उघडली. आत, काचा पुसायच्या मऊ फडक्यात, चारही पाय मिटून खेकडा होता.

व्यवस्थापकांच्या हातातले पत्र खाली आले. धाकटा डॉक्टर खाली मान घालून, रिपोर्ट वाचावा तसा बोलू लागला. काकू चष्मा घेऊन आल्या, पण सरांपाशी तो डबीशिवाय पोचला. येताना डबीत चष्मा होता, जाताना दुसरे काही. खणाला चावी होती, ताई नव्हत्या. एवढा वेळ पुरला. का नेला, हे मात्र डबीने सांगितले नसते. ते चष्म्याने सांगितले. चष्मा घरी विसरून सर पहाटे सहापासून काम करत होते, आणि त्यांना तो नसल्याचे जाणवलेसुद्धा नव्हते.

"चष्म्याने फरक पडत नसेल, तरच असं होतं." त्याचा आवाज बारीक झाला. "खेकडा अकरा वेळा बरोबर गेला, सर. त्याला सांगितलं तिथेच गेला. फुल्या चुकल्या. नजरेच्या कडा शाबूत आहेत, म्हणून तुम्ही वावरता, माणसं ओळखता. मधलं गेलंय."

नंतर काकू बोलल्या, त्याही सरांशी नाही, टेबलाशी.

"चहा कपाबाहेर ओततात. विचारलं, तर म्हणतात घरातले दिवे मंद झालेत. काल हात जोडले, आजचं तेवढं दुसऱ्या कुणाला करू द्या. ऐकलं नाही. त्या बाईच्या दोन मुली बाहेर बसल्यात. आत्ता त्यांच्याच शेजारी बसले होते मी. धाकटीनं मला विचारलं, डॉक्टर चांगले आहेत ना?"

सरांनी चाचपून स्क्रीनचे बटण शोधले आणि ते बंद केले.

"तिच्या गाठीला मोठी रक्तवाहिनी लागून आहे," ते म्हणाले, जणू कुणी पलीकडे लिहून घेत होते. "बोटभर तर फार झालं." मग व्यवस्थापकांना म्हणाले, "ताईंचं पत्र फाडा. समितीला सांगा, प्रयोग ठरल्या वेळी होईल. फुली हा मारेल. खेकडा चांगला आहे."

सगळे निघाले. काकूंनी जाताना सरांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही. धाकटा डॉक्टर खेकडा उचलून निघाला, तेवढ्यात सर म्हणाले,

"तुला कधी कळलं?"

"आज, सर. त्या फुल्या पाहिल्या तेव्हा."

सरांनी मान किंचित वळवली आणि नजरेच्या कडेने, जेवढा दिसेल तेवढा, त्याला पाहिले.

"मी फुल्यांचं विचारत नाहीये."

बाहेर कुणीतरी पुढच्या रुग्णाचा नंबर पुकारला. या माणसाच्या शेजारची खुर्ची सोडून दुसरीकडे कुठे आपण बसू शकू, असे त्याला कधी वाटलेच नव्हते. म्हणून त्याने स्वतःलासुद्धा हे कधी सांगितले नव्हते.

"मार्चपासून," तो म्हणाला. "मार्चपासून तुमचा एकही रिपोर्ट मी तुम्ही सांगितला तसा पाठवलेला नाही."