वाळूखालचा चिखल

एकसष्ट सालची गोष्ट. कोळंबच्या खाडीकाठी, आपल्याच मासे वाळवायच्या जागेत एक लांबुडका माणूस खड्ड्याशी पालथा पडलेला पाहून सत्यवतीच्या डोक्यावरची बांगड्यांची पाटी कलंडता कलंडता राहिली. खड्ड्यात लोखंडी पत्रा, त्यावर वाळूच्या गोण्यांची थप्पी, आणि हा घड्याळासारख्या तबकडीवरच्या काट्याकडे टक लावून बघतोय!

"जीव आसा मां?"

"आहे की!" तो उठला. कपाळाला वाळू, डोळ्यांत हसू. "मी हरिश्चंद्र, इंजिनीयर. मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना इथे होणार. जमीन किती वजन सोसते ते बघतोय. चोवीस तास काटा हलला नाही, की जमीन भरवशाची."

सत्यवतीचं मस्तकच फिरलं. जागा गेली तर ती नि तिची आई मासे वाळवणार कुठे? आणि इतकं गोड हसणाऱ्याच्या पोटात काय असेल, कोण जाणे!

तीन दिवस तिने त्याच्यावर पाळत ठेवली. तो रोज गोण्या वाढवी, काटा बघे, वहीत लिही... मग तिच्याकडे बघे. ते मात्र वहीत लिहीत नसे.

चौथ्या दिवशी तो पाणी प्यायला गेला, तशी तिने भरलेली पाटी गोण्यांवर ठेवली आणि वर स्वतःही बसली. तो दिसताच टुणकन उतरली.

"काटा पुढे सरकला..." त्याने गोणी हुंगली. "वाळूला बांगड्यांचा वास कसा हो?"

ती लाल झाली, पण हटली नाही. "तुमचो काटो वरची वाळू बघता. खाली चिखल आसा. आदी हय खाडीचा पाणी होता, माझो आजो हयच होडी बांधी."

"जागा वाचवायला सांगताय?"

"आणि तुमी सायबाक खूश करूक 'बरी' म्हणान लिवतल्यात?"

त्याने वही मिटली. एवढ्याशा पत्र्याचा भार वरच्या वाळूतच जिरतो, हे त्याला ठाऊक होतं. कारखान्याखाली तर अख्ख्या इमारतीएवढा सलग काँक्रीटचा थर येणार. त्याचं वजन खोल पोचणार. "एकाच बाजूला चिखल असला तर—"

"होडयेसारखो कलंडतलो," ती म्हणाली.

लांब दांड्याचं गिरमिट खाली गेलं. समुद्राकडे नुसती वाळू. खाडीकडे मात्र पंधरा हातांवर काळाकुट्ट चिखल वर आला.

"तुमचंच खरं. कारखाना पलीकडच्या कातळावर होईल, तसं लिहून धाडलंय," तो गोण्या उतरवत म्हणाला. तिला आनंद व्हायला हवा होता. पण आता हा जाणार, या विचाराने तिचा जीव कासावीस झाला.

"चाललात?"

"घराक, तळेऱ्याक. आवशीक सांगूक."

ती दचकली. आईला 'आवस' म्हणणारा हा साहेब! "तुमका मालवणी येता? मगे इतके दिवस सायबासारखे कित्याक बोललात?"

"ऑफिसची सवय गो. आवशीक काय सांगूचा... तां तुझ्यावर आसा."

सत्यवतीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग गोणीकडे बोट दाखवलं. "बसा थंय. चोवीस तास हलू नकात. मगे बघूया."

तो खरंच बसला. ती पाठमोरी बांगडे पसरत राहिली, दर घडीला मागे वळून बघत. ऊन चढलं. शेवटी तिलाच राहवेना. भाकरी नि तळलेला बांगडा घेऊन ती त्याच्यापुढे उभी राहिली.

"हललंस?"

"नाय."

"जेव आधी. आणि मगे जा... आवशीक सांग."