लिहिणारा कोण?

पटलं तर घ्या, नाहीतर सोडा. पण माझा मावसभाऊ गोपाल खोटं बोलत असता, तर स्वतःचीच अब्रू काढणारी गोष्ट त्यानं सांगितली नसती.

पांढरकवडा. मागच्या मार्चमधला मंगळवार, दुपारचे दोन. दिवसाढवळ्या घडलंय हे.

गोपाल घरूनच एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करतो. कापसाच्या जिनिंगवाल्यांसाठी त्यांचं जावा भाषेतलं एक अॅप आहे. त्याचा कोड पाच रिपॉझिटरीत, म्हणजे पाच पेट्यांत समजा. ठरलेल्या क्रमानं एकेक पेटी बिल्ड करायची, म्हणजे कोडचं चालतं रूप बनवायचं, तेव्हा कुठं अॅप उभं राहतं.

जुना लॅपटॉप जळाला होता. नव्यावर चार वाजेपर्यंत सगळं बिल्ड करून पाठवायचं होतं.

पहिल्याच पेटीवर गाडी अडली. 'पाया' नावाचा तुकडा सापडत नाही म्हणे.

गोपालनं पाचही पेट्या धुंडाळल्या. कुठंच नाही.

पाया लिहिला होता अमर राठोडनं, केळापूरजवळच्या तांड्यावरच्या त्याच्या कामातल्या जोडीदारानं. त्याचा मूळ कोड पेटीत कधी टाकलाच नव्हता. जुन्या लॅपटॉपवर तयार तुकडा पडून होता, म्हणून इतके दिवस भागलं. मूळ कोड फक्त अमरच्या लॅपटॉपवर.

आणि तो लॅपटॉप हायवेवर ट्रकखाली अमरसोबतच चुरा झाला होता.

विचारणार कोणाला? खाई त्याला खवखवे. अमर गेल्यावर साहेबांनी विचारलं होतं, पाया त्यानं लिहिला का? असेल तर त्याच्या बहिणीला, अंजूला, त्याच्या जागी घेऊ.

गोपाल म्हणाला होता, "नाही सर. तो फक्त तपासायचा. लिहिलं मी."

कॉम्प्युटर शिकलेली ती पोरगी आजही लोकांच्या वावरात निंदायला जाते.

तेवढ्यात लाइट गेली.

पंखा थांबला. वायफाय बंद. गल्लीत चिटपाखरू नाही.

आणि... टक. टक.

एंटरचं बटण दाबल्याचा आवाज. गोपालचे दोन्ही हात मांडीवर होते.

स्क्रीनवर ओळी सरकू लागल्या. पाच पेट्यांच्या खाली... सहावी. नाव 'पाया'. नेट नसताना!

मग एक प्रश्न येऊन थांबला.

"लिहिणारा कोण?"

त्यानं स्वतःचं नाव टाकलं. बिल्ड फेल. पुन्हा टाकलं. पुन्हा फेल. साडेतीन वाजले.

घामेजल्या बोटांनी त्यानं लिहिलं... अमर राठोड.

सगळ्या पेट्या एका दमात बिल्ड झाल्या.

शहाण्या माणसानं तिथंच साहेबांना फोन लावला असता. या बहाद्दरानं तयार अॅपमधलं अमरचं नाव खोडलं, आपलं घातलं आणि लाइट आल्याबरोबर पाठवून दिलं. शाबासकीही घेतली.

त्यानंतर बिल्ड कधी अडलं नाही. फक्त दरवेळी शेवटी एक ओळ येते... आणि पुढे कर्सर लुकलुकत राहतो.

"अंजूले सांगतलं का बे?"

मी म्हटलं, सांगून टाक ना. तर रडत म्हणतो, "सांगतलं तं नोकरी जाते. नाई सांगतलं तं तो जात नाई."

त्यानं मला अंजूचा नंबर दिला. तूच सांग म्हणाला.

महिना झाला. मीही अजून फोन लावलेला नाही.